दहा जून

आमच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात एकाच पानावर सहा मुलांची जन्मतारीख एकच आहे, दहा जून. अक्षर माझं आहे.

शाळा दिग्रसपासून आत, एका बंजारा तांड्यावर. पूर्वी तारीख विचारली की आईबाप म्हणायचे, "टाका गुरुजी तुमच्या मनानं." मग गुरुजी टाकायचे. माझी स्वतःचीही तारीख अशीच कुणा गुरुजींनी टाकलेली आहे. त्यामुळे ही सहा नावं लिहिली त्या जूनमध्ये हात अडला नाही. पट कमी पडत होता. पट घसरला की दुसऱ्या शिक्षकाचं पद जातं, आणि दुसरा शिक्षक मी होतो. बदली पार उमरखेडच्या टोकाला होईल अशी चर्चा होती. माझं घर दिग्रसला. मी तांड्यावर फिरून सहा वर्षं पूर्ण न झालेली सहा मुलं पहिलीत बसवली. त्यात एक मुलगी होती. तिची आई स्पष्ट म्हणाली होती, "संकरातीच्या दुसऱ्या दिवशीची हाय." मी सात महिने मागे गेलो.

पुढे बुद्धिबळ मीच तिला शिकवलं, दुपारच्या खिचडीनंतर, व्हरांड्यात. पाचवीत ती मला हरवू लागली. एकदा म्हणाली, "सर, तुमी घोडा इतका काहून सांभाळता? मरू द्या ना एखांद्या वेळेस."

जिल्ह्यातली चांगली खेळणारी मुलं हेरायची, त्यांचे कागद जमवायचे, त्यांना चाचणीला न्यायचं, हे काम जिल्हा बुद्धिबळ संघटनेने माझ्याकडे दिलेलं. ती सातवीत असताना मुलामुलींच्या परदेशातल्या स्पर्धेसाठी राज्याचा संघ निवडायचा होता. चाचणी यवतमाळला. मुलींच्या प्रत्येक गटातून दोघी जाणार. मी तिचा अर्ज बारा वर्षांखालच्या गटात भरला. तारीख तिच्या आईने पेटीतून काढून दिलेल्या लसीकरणाच्या कार्डावरून घेतली, पंधरा जानेवारी. सोबत शाळेचा बोनाफाईड जोडला. तो मुख्याध्यापकांनी रजिस्टर पाहून लिहिला होता. मी तो न वाचताच पिशवीत टाकला. सहा वर्षांपूर्वीचा तो जून मी विसरलो होतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही.

टेबलावरच्या पंचांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "गुरुजी, वय एक जानेवारीला धरतात. शाळेच्या कागदाप्रमाणे तेव्हा पोरगीला बारा पूर्ण होऊन गेलेली, ती या गटात बसत नाही."

ती पुढे झाली. "मी संकरातीची आहे. माह्या याडीनं सांगितलं."

"आईला तारीख नसते बेटा लक्षात," पंच हसून म्हणाले. "शाळेत खोटं कोण लिहिणार?"

मी बाजूलाच उभा होतो.

ती चौदा वर्षांखालच्या गटात खेळली आणि तिसरी आली. लहान गटातून ज्या दोघी निवडल्या गेल्या, त्यांना तिने सरावात माझ्यासमोर हरवलं होतं. निघताना पंच म्हणाले, "आठ दिवसांत दुरुस्ती आणा. ज्यानं नोंद केली त्यानं लिहून द्यावं की तारीख चुकीची आहे, आणि का चुकली. लहान गटात दोघींशी खेळवून बघू."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. दारव्हा गेल्यावर म्हणाली, "याडीले काही येत नाही. उगाच सांगते."

तेव्हाही मी बोललो नाही.

पाच दिवसांनी मी लिहिलं. कारणासकट लिहिलं. कागद खिशात घालून तांड्यावर गेलो. तिचे वडील अंगणात फवारणीचा पंप धूत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी पंप बाजूला ठेवला, हात पुसले.

"हे दिलं तं तुमचं काय होईन?"

"चौकशी लागेल. नोकरीचं काही सांगता येत नाही."

"अन् बाकीचे पाच पोट्टे?"

"त्यांचेही कागद निघतील. त्या वर्षीचा पट खोटा ठरेल."

"म्हंजे शाळेवरच येईन." ते म्हणाले. "शाळा गेली तं तांड्यातल्या पोरी रोज दिग्रसले जातीन काय, गुरुजी? कोन धाडते? माही एक इमानात बसन, बाकीच्या घरी बसतीन."

"पण तिचा हक्क आहे, भाऊ."

"हाय ना. मी कुठी नाई म्हनतो?" मग हलक्या आवाजात, "ठेवा खिशात. तुमी तिले खेळ शिकवला, थे का कमी आहे?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी तो कागद देऊन मोकळा झालो असतो. त्यांनी पाणी दिलं. आणि खरं सांगायचं तर, पाणी पिताना माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या क्षणाची लाज मला यवतमाळपेक्षाही जास्त आहे. माणूस गुन्हा कबूल करायला जातो आणि मनातून माफीची वाट बघत असतो.

ती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुझी आई खरं सांगत होती," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आत गेली. आई चुलीपुढे बसली होती, तिच्या शेजारी जाऊन टेकली. आईने बाहेर काढून ठेवलेलं लसीचं कार्ड पुन्हा पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. दोघींपैकी कुणी मला बसा म्हटलं नाही.

आठ दिवस संपले. संघ गेला.

ती अजून खेळते. शनिवारी व्हरांड्यात पट मांडते, पण आता खेळताना माझ्याशी बोलत नाही. माझा घोडा अडकला तरी काही सांगत नाही. गेल्या आठवड्यात पुढच्या चाचणीचे अर्ज आले. मी तिच्यापुढे अर्ज ठेवला आणि पेन धरून थांबलो. या खेपेला तिने संक्रांत लिहिली तर मी खिशातला कागद सोबत जोडायचा, असं मी ठरवून आलो होतो. म्हणजे ठरवायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात घातलं होतं.

तिने पेन घेतलं आणि न विचारता लिहिलं, दहा जून.

"हे लिहायलाच पाहिजे असं नाही," मी म्हणालो.

"माही लहान बहीण पुढच्या वर्षी पहिलीत येते, सर," ती म्हणाली. "तुमी सही करा."

मी सही केली.