बांगडीनं घेतलेलं नाव

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळात मी मेहकरला तारबाबू होतो. कुणाचं मरण असो की बारसं, माझ्या बोटाखाली सगळ्याचं कट्ट-कडकट्ट व्हायचं. त्याचा मला ताठाही होता.

एकदा पावणेपाचला जानेफळची एक बाई खिडकीशी आली. तिची पोरगी दवाखान्यात तापानं फणफणलेली, मांडीतलं गळू आत पिकलेलं. बापाच्या अंगठ्याशिवाय डॉक्टर चिरा द्यायला तयार नव्हते आणि बाप खामगावच्या कापसाच्या जिनात कामाला. तार पाचला बंद व्हायची. मी मजकूर लिहिला, आडनाव लिहिलं, नाव विचारलं. बाई गप्प.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे मला काय नवं होतं? माझी बायकोही घेत नसे. पण त्या आडनावाचे जिनात दहाजण असतील. बिननावाची तार फाटकावरच पडून राहिली असती.

"पोरगी मेली त चालते का तुले?" मी खेकसलो. तसं बोलायला नको होतं, आजही सलतं.

ती पदर तोंडाला लावून रडू लागली. मी नावं सुचवली तर मान हलवायलाही तयार नव्हती, तेही घेतल्यासारखंच म्हणे. पाच वाजायला सात मिनिटं उरली होती.

शेवटी मी म्हणालो, "बाई, तू बोलू नको, मानही हलवू नको. मी अक्षरं म्हणतो. बरोबर आलं की बांगडी वाजव. आमचं यंत्र असंच बोलते."

"मंग म्या नाही ना घेतलं?"

"नाही. बांगडीनं घेतलं."

पहिलं अक्षर सापडलं. मग त्या अक्षराची नावं म्हणत गेलो. चौथ्या नावाला तिनं हात खिडकीच्या फळीवर असा आपटला की काचेची बांगडीच वाढली. ती त्या तुकड्यांकडं बघत राहिली, मीही. मग यंत्राला हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा माझं कट्ट-कडकट्ट चुकलं, खामगावनं नाव दोनदा विचारलं. पण तार गेली.

दुसऱ्या दिवशी बाप आला, चिरा लागला, पोरगी वाचली. पंधरवड्यानं तिघं मला भेटायला आली. बोलता बोलता त्या माणसाला ठसका लागला. बाईचा चेहरा उतरला आणि तिनं थेट माझ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं उठून त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरी मेहकरला होतो तोवर, बाजाराच्या दिवशी जानेफळचं कुणी भेटलं की मी आधी त्या बाईच्या नवऱ्याची तब्येत विचारायचो.