झाकणाच्या आतली खूण

माझा काका घड्याळजी. स्वतःच्या सावलीवरही संशय घेणारा माणूस. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाईकाला देण्याआधी पुन्हा पुन्हा कानाला लावायचा आणि म्हणायचा, "खात्री केलेली बरी." समोरच्या दुकानातल्या घड्याळजीला त्यानं 'हातोडे' नाव ठेवलं होतं. तो हातोडीनं घड्याळं उघडतो, असं त्याचं ठाम मत.

आजोबा खेळाचे मास्तर. शर्यती मोजायला त्यांनी आयुष्यभर एकच मनगटी क्रोनोग्राफ वापरला. पिवळट पडलेली तबकडी, तिच्या पोटात दोन छोट्या तबकड्या, कडेनं वेगाचे बारीक आकडे. वरचं बटण दाबलं की लांब काटा धावायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा, खालचं दाबलं की शून्यावर परत. ते घड्याळ एकदाच बिघडलं, तेव्हा नुकतंच काम शिकलेल्या काकानं दुरुस्त केलं. "बाबांनी पुन्हा दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही," हे सांगताना काकाची छाती फुगायची. त्याच्या आयुष्याची तीच एक पदवी.

आजोबांमागे घड्याळ पप्पांकडे आलं. परवा लांब काटा शून्याच्या अलीकडेच अडकायला लागला, म्हणून आम्ही दोघं काकाच्या दुकानात गेलो. काकानं डोळ्याला भिंग लावलं आणि त्याचं तोंड आंबट झालं.

"दादा, छोट्या तबकडीत मिनिटांचा काटा मी निळा बसवला होता. हा काळा आहे."

पप्पांनी घड्याळ परत घ्यायला हात पुढे केला.

"विकलंस ना ते? हे दुसरंच आहे!"

"काहीतरी बोलू नकोस."

"खाई त्याला खवखवे!"

मला संताप आला. "काका, उघडूनच बघ ना!"

"राहू दे," पप्पा घाईघाईनं म्हणाले. झालं, काकाचा संशय पक्का झाला. त्यानं झाकण काढलं.

घड्याळजी दुरुस्तीनंतर झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि महिना कोरतात. काकाची खूण होती. म्हणजे घड्याळ तेच. पण तिला खेटूनच हातोडेची खूण होती. महिनाही तोच.

काका बराच वेळ भिंग काढेना.

"बाबा समोर गेले होते?"

"तुला सांगू नको म्हणाले होते." पप्पांचा आवाज उतरला. "धाकटा अजून नवा आहे, म्हणाले. खात्री केलेली बरी."

काकाची जिरावी असं मला मघापासून वाटत होतं. आता त्याच्याकडे बघवेना.

काकानं यंत्र साफ केलं, काटा शून्यावर आणला, झाकण बसवलं. आत खूण मात्र केली नाही. घड्याळ पप्पांपुढे सरकवून वर न बघता म्हणाला,

"जाताना समोर दाखवून घे."