सगीराची पेन्सिल

सगीरा हैदर शेख हिच्याबद्दल आमच्या शहरात एवढंच सांगतात, की केबलवर मराठी बातम्या वाचणारी ती मुसलमान पोरगी, जिला मराठी येत नव्हतं. मी बद्रीनाथ. सहा वर्षं तिच्या बातम्या मी लिहिल्या. तिला मराठी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. हे सांगायला मी वीस वर्षांवर उशीर केला, आणि तो का केला तेही सांगतो.

तिचे वडील हैदरभाई दौलताबादच्या किल्ल्यावर गाइड होते. अंधारी नावाच्या तिथल्या भुयारात मशाल धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना इतिहास सांगायचे, निम्मा मराठीत, निम्मा हिंदीत. आवाज असा की शेवटच्या माणसाचीही पायरी चुकायची नाही. तो आवाज पोरीनं घेतला. उस्मानपुऱ्यात नानासाहेबांनी केबलचं चॅनल काढलं, तेव्हा चाचणीला आलेल्या पोरींचे आवाज त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि हिला निवडलं. मग डोळे उघडून नाव विचारलं, आणि ऐकून पुन्हा एकदा विचारलं. तरी शब्द फिरवला नाही, हे कबूल करायला हवं.

हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, भिंतीला निळा पडदा, समोर एक कॅमेरा. संध्याकाळी सातला बातम्या. मी चिठ्ठीवर बातमी लिहून द्यायचो आणि सगीरा तिच्यावर पेन्सिलनं खुणा करायची. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, कुठल्या नावावर जोर द्यायचा. तिचा 'ळ' ऐकून शाळामास्तर फोन करायचे. दुसरेही फोन यायचे. कुणी विचारायचं, हिच्या कपाळावर कुंकू का नाही; तिच्या मोहल्ल्यातले विचारायचे, हिच्या डोक्यावर पदर का नाही. बाई दोन्हीकडून बोलणी खात होती आणि सातच्या ठोक्याला हसून नमस्कार करत होती. दौलताबाद फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात मात्र तिचा मोठा मान. कुठल्या गोष्टीवर वाद झाला की तिथं म्हणायचे, "आपल्या सगीरानं सांगितलं ना? मग खरंच हाय."

एकदा एका पुढाऱ्याचं पत्रक आलं, 'प्रत्येक मुलीला शिक्षा देणार.' मी ते होतं तसं उतरवून दिलं. सगीरानं विचारलं, "बद्रीभाऊ, ही शिक्षा मराठीतली की हिंदीतली? मराठीत मुलींना शिक्षा म्हणजे..."

तिचं बरोबर होतं. पण खोलीत चार माणसं होती, आणि चूक माझी होती. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, "अगं बाई, इथं मराठी बातम्या असतात. उर्दूचा तास नाय." सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर तिनं मला कधी शब्द विचारला नाही. मला वाटलं, पोरगी तयार झाली.

नव्याण्णव सालच्या मार्चातली गोष्ट. सातला पाच मिनिटं कमी होती. लासूर स्टेशनहून आमचा बातमीदार चांदपाशा बूथवरून बोलला, "बद्रीभाऊ, मार्केटच्या फाटकापाशी लई खून पडलाय. लोकं जमलेत." तेवढ्यात फोन कटला.

चांदपाशा घरात दखनी उर्दू बोलणारा. त्याच्या तोंडी खून म्हणजे रक्त. एका टेम्पोनं म्हैस उडवली होती आणि रस्ताभर रक्त सांडलं होतं, एवढीच बातमी. माझ्या मराठी कानाला खून पडला म्हणजे मुडदा पडला. पुन्हा फोन लावायला हवा होता. मी चिठ्ठी लिहिली, 'लासूर स्टेशन बाजारात खून, तणाव.' तणाव मी पदरचा घातला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोकांना म्हणतात. मी उचललं ते पेन.

सगीरा चिठ्ठीकडे जरा जास्तच वेळ बघत बसली. मी म्हटलं, "वाच बाई, वेळ झाली." तिनं वाचलं.

साडेसातला तो टेम्पो लासूरकडून दौलताबाद फाट्यावर आला. पुढच्या बंपरला रक्त. हॉटेलातल्या लोकांनी आत्ताच बातमी ऐकली होती, आणि ती सगीरानं सांगितली होती. ड्रायव्हर फारूख ओरडून सांगत होता, "म्हैस हाय हो, म्हैस." त्या मारात त्याचा डावा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन गेल्यावर नानासाहेबांनी आम्हाला समोर उभं केलं. "चिठ्ठी कुणी लिहिली? कुठंय ती?"

सगीरानं माझ्याकडे पाहिलं. मी कॅसेटच्या कपाटाकडे पाहत राहिलो.

"चिठ्ठी हरवली," ती म्हणाली. "वाचलं मी."

त्याच आठवड्यात तिला काढलं. 'उर्दूवालीला मराठी कळेना' असं एका पेपरानं छापलं आणि शहराला ते पटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर पुढं वृत्तसंपादक झाला आणि रिटायर झाला. हैदरभाईंनी फाट्यावरून जाणं सोडलं. किल्ल्यावर लांबच्या वाटेनं जायचे. सगीरा बसस्थानकावर घोषणा करायला लागली. खिडकीमागं बसायची, तोंड कुणाला दिसायचं नाही. "लासूर, वैजापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे." तोच 'ळ', तोच श्वास. मी गावी जायचं टाळायचो ते त्या आवाजापायी. दर ईदला ती फारूखच्या घरी शीरखुर्मा घेऊन जाते, हे मला चांदपाशाकडून कळत होतं.

तिनं मला वाचवलं, या एका विचारावर मी एवढी वर्षं काढली. तिच्या मोठेपणाखाली मला माझं खुजेपण झाकता येत होतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो पाहून मान हलवली, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. केस पांढरे झालेले, आवाज तसाच. मी म्हटलं, "सगीरा, मला माफ कर. चिठ्ठी माझी होती आणि तू मला वाचवलंस."

ती उठली. पत्र्याच्या डब्यातून एक पिवळा कागद काढून तिनं माझ्या हातात दिला. माझंच अक्षर. खून या शब्दाखाली पेन्सिलची रेघ होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रक्त?'

"तुम्हाला नाही वाचवलं, बद्रीभाऊ," ती म्हणाली. "ही माझी खूण कुणी बघू नये म्हणून चिठ्ठी लपवली. त्या खोलीत दोन्ही अर्थ मलाच माहीत होते. विचारणारच होते तुम्हाला."

"मग विचारलं का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही परत हसाल."