पावडर आणि काळाठिक्कर फोटो

माझ्या धाकट्या भावाला लोक 'पावडर' म्हणतात आणि ते नाव त्याने कमावलेलं आहे. चौतीस वर्षं त्याने फोटो स्टुडिओत बसून लोकांचे चेहरे उजळले. सावळा माणूस त्याच्या तावडीतून सावळा म्हणून कधी सुटला नाही.

स्टुडिओ बंद झाला आणि हा घरी बसला. बसला कसला, आठ महिन्यांत त्याने तीच दारं तीनदा रंगवली. शेवटी भावजयीचा फोन आला, "ताई, यांना कुठेतरी चिकटवा, नाहीतर मी माहेरी निघाले. तिथे आता कोणी नाही, तरी निघाले."

माझी लेक ज्या ऑफिसात आहे, तिथे संगणकावर बनवलेलं फर्निचर खऱ्या खोल्यांच्या फोटोत मांडतात. तिने मामासाठी शब्द टाकला. साहेब म्हणाले, दोन दिवस बघू. जमलं तर ठेवू, नाहीतर नारळ.

काम अवघड नव्हतं. एका खोलीचे सात फोटो असतात. पहिल्यात काळोख, डोळ्यांत भरते ती फक्त बल्बमधली पेटती तार, सातव्यात कपाटाखालची धूळ दिसते पण खिडकी पांढरीफटक. कॅमेऱ्यातल्या या कच्च्या फायली जशाच्या तशा उघडायच्या आणि सातांची एक फाइल करायची. त्या एका फायलीत खोलीतला सगळा उजेड खऱ्या मापाने राहतो. मग तिथे ठेवलेल्या खुर्चीवर ऊन बरोबर पडतं.

पावडरने पहिली फाइल तासाभरात दिली. लेकीने तीत खुर्ची ठेवली. खुर्चीला सावलीच नाही, नुसती तरंगतेय.

"मामा, हे सातही फोटो सारखे कसे?"

"सारखे नाहीत, सुधारलेत. पहिला तर काळाठिक्कर होता गं! कोणी काढला?"

"मुद्दाम काढलाय! बल्बचं खरं तेज त्याच्यातच कळतं. तुम्ही उजळलात, आता बल्ब आणि भिंत एकाच मापाची झाली."

"आमच्याकडे असा फोटो दिला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता."

लेकीकडून हे ऐकून दुसऱ्या दिवशी मीच गेले आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"ताई, तू इथे?"

"डावा हात मांडीखाली. उजव्याने फक्त सांगितलेलं दाबायचं."

एकसष्ट वर्षांच्या माणसाने निमूटपणे हात मांडीखाली घातला. लेकीने पडद्यावरच्या 'आपोआप उजळा' या पर्यायापुढची खूण त्याच्याच हाताने काढायला लावली. काळा फोटो उघडला. पावडरला घाम फुटला.

"ताई, एवढा एक कोपरा..."

"नाही."

"किंचित?"

"तुला बायको हवीय की कोपरा?"

त्याने जरा जास्तच वेळ विचार केला. पण कोपरा सोडला.

सातांची एक फाइल झाली. खुर्ची ठेवली, तर पायांशी चांगली ठसठशीत सावली. साहेबांनी पडद्यावरचा उजेड कमी कमी करत नेला, तशी पांढऱ्या खिडकीतून समोरची इमारत उगवली. तिच्या गच्चीवर दोरीला वाळत घातलेले मोजेसुद्धा.

"हे त्या काळ्यात होतं?" पावडर पुटपुटला.

"होतं की. म्हणून तर हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "सोमवारपासून या. दहा ते सहा."

जिन्यातूनच मी भावजयीला फोन लावला.

"रोज दहा ते सहा?" तिने दोनदा विचारलं.

"रविवार सोडून."

 मग तिने आवाज हळू केला, "ताई, रविवारचंही जरा विचारून बघा ना."