एकताच्या हाताचं माप

नंदुरबारच्या बाजारात माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, आणि गेली एकतीस वर्षं मी टेप न लावता माप सांगतो. गिऱ्हाईक पायरी चढतं ना चढतं, तोच मी आत ओरडतो, "बत्तीस काढ!" आणि बत्तीसच बसतं. फुशारकी नाही ही, विचारा कुणालाही. नाही, खोटं कशाला बोलू, फुशारकीच आहे. तिच्यापायीच मी माझ्या पोरीचं वाटोळं केलं.

एकता तिचं नाव. अंगानं बारीक, आईसारखी. अल्पनाच्या बांगड्या तिला होतात. स्वभावानं इतकी गरीब की भिंतीवर पाल दिसली तर कागदावर घेऊन अंगणात सोडून येते. आणि ही पोर कॉलेजात एनसीसीत गेली नि म्हणे नेमबाजी शिकणार! आमचं घर जैनांचं. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो. माझे वडील प्रेमचंदजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तीच त्यांच्यापुढे जाऊन बसली आणि म्हणाली, "दादाजी, मी फक्त कागदावर मारते. कागदाला जीव नसतो." म्हातारा हसला. मिटलं.

तिला शिकवायचे रनाळ्याचे दोधू हवालदार. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, आठवड्यातून दोन दिवस पोलिसांच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, चारपाच पोरापोरींना तयार करायचा. एके दिवशी दुकानात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "शेठ, तुन्ही आंडेरना हात हालत नही. असा हात मी फौजमा बी नही देखा." आंडेर म्हणजे मुलगी. माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

तोवर ती दुसऱ्याच्या पिस्तुलावर शिकत होती. स्वतःचं हवं होतं, कारण कनिष्ठ गटात तिची दोनच वर्षं उरली होती. तेवढ्यात राज्याच्या संघात नाव लागलं तर शिबिर, चांगले प्रशिक्षक, सरावाला हव्या तितक्या गोळ्या. नाही लागलं तर नंदुरबारात बसून हा खेळ पुढे नेणं अवघड, हे दोधू हवालदारांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. कलेक्टर कचेरीत आठ महिने खेटे घालून परवाना मिळवला आणि आम्ही बापलेक पुण्याला निघालो. दोधू हवालदारांची कापूस वेचणी चालू होती, त्यांना येता आलं नाही. निघताना त्यांनी एकच गोष्ट तीनदा बजावली, "बाकी काही पाहू नको शेठ. पिस्तूल तिना हातमा दे, आन तिनं बोट बराबर ट्रिगरवर बसस का तेवढं देख."

मी हो हो म्हणालो. आमच्या धंद्यात हो हो पुष्कळ म्हणतात.

पुण्यातल्या बंदुकांच्या दुकानात विक्रेत्यानं दोन पिस्तुलं टेबलावर ठेवली. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एकदा गोळ्या भरल्या की पाच वेळा नुसता ट्रिगर दाबायचा. एक हलकं, लाकडी मूठ लहान. दुसरं वजनदार, मूठ दणकट, हाताला लागलं की वाटावं, हां, काहीतरी घेतलं! एकतानं लहान उचललं, हात लांब केला आणि तशीच उभी राहिली. मग दुसरं घेतलं. "पप्पा, हे बोटाला जरा लांब पडतं," ती हळूच म्हणाली.

आणि मी माझं ज्ञान पाजळलं. "अगं, वजनात माल असतो. आणि मोठं घेतलेलं बरं. मोठ्याचं छोटं करता येतं, छोट्याचं मोठं होत नाही." शाळेचे गणवेश घ्यायला आलेल्या प्रत्येक आईला हेच सांगतो मी. पोरगं वाढेल ताई, एक नंबर मोठा न्या. अहो, पण एकोणीस वर्षांच्या पोरीचा हात कुठे वाढणार होता? विक्रेता बिचारा म्हणालाही, "ताईंना लहान जास्त बसतंय." मी त्याला थांबवलं. म्हटलं, "एकतीस वर्षं मापाचा धंदा करतो मी." मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा खाक्या. एकता माझ्याकडे बघून हसली. "चालेल पप्पा," म्हणाली. त्या "चालेल"चा अर्थ न कळण्याइतका मी दूधखुळा नव्हतो. कळून घेतला नाही, एवढंच.

पहिल्या महिन्यापासून गोळ्या डावीकडे जायला लागल्या. एखाददुसरी नव्हे, सगळ्याच, थोड्या थोड्या. दोधू हवालदार दुकानात आले. "शेठ, मूठ मोठी पडस. तिनं बोट ट्रिगरले निस्तं टोकवर लागस, मंग पिस्तूल डावीकडे सरकस. कानस मारू दे मुठीले. लाकूडच शे, सोनं नही."

मी काय म्हणालो असेन? "कानस? नव्या मालाला? हवालदार, वस्तू जशीच्या तशी ठेवली तर उद्या बदलून घेता येते, विकता येते. एकदा घासली की भंगार!" आमच्याकडे पॅंटचं लेबल निघालं की ती परत घेत नाहीत, ते डोक्यात. दोधू हवालदार टोपी घालून निघून गेले. मी एकताला घरी ताकीद दिली, मुठीला हात लावायचा नाही.

तिनं लावला नाही. बापाचा शब्द पाळणारी पोर. त्याऐवजी तिनं मनगट दुखेपर्यंत सराव वाढवला. पहाटे उठून भिंतीवरच्या ठिपक्यावर रिकामं पिस्तूल रोखून उभी राहायची. मैत्रिणी सुटल्या, सहल सुटली. गुण मात्र वाढेनात.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, त्यात तिच्या कॉलेजातल्या दोन मुलीही होत्या. एकता डबा घेऊन आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, मूठ थोडी घासून बघू का? हात बसत नाही." मी त्या दिवशी कावलेलो होतो. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं! आधी तो मोबाईल बाजूला ठेव, आळस सोड, मग पिस्तुलाला नावं ठेव." गिऱ्हाइकं हसली. त्या दोन मुलीही हसल्या. मीही हसलो हो, मेला. एकतानं डबा गल्ल्यावर ठेवला आणि गेली. त्यानंतर तिनं मुठीचं नावच काढलं नाही. मोबाईल मात्र आईकडे देऊन टाकला.

दुसऱ्या वर्षीची राज्य स्पर्धा ऑगस्टमध्ये पुण्यात झाली. कनिष्ठ गटातली तिची शेवटची. मी सोबत होतो, कडेला बसून देवाचं नाव घेत होतो. संघ तीन गुणांनी हुकला. तीन! एकता कोपऱ्यात बसून पिस्तूल पुसत होती. शेजारी जळगावची रोहिणी नावाची मुलगी होती, तिचं नाव संघात लागलं होतं. चांगली पोर. तिनं एकताच्या हाताकडे पाहिलं, पिस्तुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तुला केवढं मोठं आहे! सरावाची लेन मोकळी आहे, माझं घेऊन बघ."

पंचांना विचारून एकतानं त्या लहान मुठीच्या पिस्तुलानं पाच गोळ्या मारल्या. कागद जवळ आला. पाचही भोकं काळ्या वर्तुळाच्या मधोमध, आमटीच्या वाटीच्या तोंडात मावतील एवढ्या जागेत. रोहिणी टाळ्या वाजवायला लागली. एकतानं कागदाकडे पाहिलं, वळून माझ्याकडे पाहिलं, आणि पिस्तूल रोहिणीला परत देऊन "थँक्यू" म्हणाली. नंदुरबारपर्यंतच्या प्रवासात मी तिला चारदा चहा विचारला. दुसरं काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दोधू हवालदारांना सांगायला मी स्वतः रनाळ्याला गेलो. म्हटलं, चार शिव्या तरी खाव्यात. ते खाटेवर बसले होते. "मी तुले सांगेल व्हतं ना, शेठ?" एवढंच म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी पर्युषण आलं. आठव्या दिवशी संवत्सरी. त्या दिवशी आम्ही वर्षभरात कळत नकळत ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागतो. हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचं, समोरच्यानंही तेच म्हणायचं, झालं, हिशोब कोरा. मी सकाळपासून फोनवर तीनशे जणांना पाठवलं होतं. ज्यांच्याशी वर्षभरात बोललोही नाही त्यांनासुद्धा. संध्याकाळी जैन स्थानकातून, म्हणजे आमच्या उपासनेच्या जागेतून, आल्यावर वडिलांच्या पाया पडलो, अल्पनापुढे हात जोडले. मग एकतापुढे उभा राहिलो. नेहमीचे दोन शब्द तोंडातून निघेनात.

"एकता," मी म्हणालो, "माप माझं चुकलं. तू पुण्यातच सांगितलं होतंस. हवालदारांनीही सांगितलं. तुझी दोन वर्षं मी खाल्ली. मला माफ कर."

मला वाटलं, पोर रडेल, गळ्यात पडेल. ती रडली नाही. तिनं माझे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. तिचे हात माझ्या हातांभोवती पुरेनात.

"पिस्तुलाचं मी तेव्हाच माफ केलं, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही हौसेनं घेतलं होतं. माझ्यासाठी दादाजींचा अबोला सोसलात. पण दुकानात सगळ्यांसमोर मला आळशी म्हणालात ना, मी ते खरं मानलं. वर्षभर वाटत होतं, माझ्यातच खोट आहे. ते अजून जात नाही मनातून. आज संवत्सरी आहे, आज तरी खोटं कसं बोलू? त्याची माफी मला एवढ्यात नाही जमणार."

"अगं, आजच्या दिवशी असं बोलतात का?" अल्पना म्हणाली.

"बोलू दे तिला," मी म्हणालो. पन्नास वर्षांत संवत्सरीला माफी मागितल्यावर मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. तिचं बरोबर होतं. मी हात सोडवून घेतले आणि तिला म्हणालो, "सावकाश कर, बेटा."