मागचा डावा

घरात नवी वस्तू आली की तिला जुनं व्हायला वर्षं लागतात, तिचे किस्से मात्र आठवड्याभरात सूपभर होतात. वाडीत हल्ली कुणीही भेटलं की आधी "त्या स्पीकरांचं सांग गो" आणि मग "बरी आहेस ना". सांगून सांगून माझा घसा बसलाय. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हे कागद हातात देईन आणि आपली कामाला लागेन.

पहिल्यांदा मला खटकलं ते खोक्यावरचं चित्र.

माझा दादा बोटीवर असतो. या खेपेला तो सुट्टीवर आला तो व्हीसीआर, अँप्लिफायर आणि चार स्पीकर घेऊन. खोक्यावर एक गोरं कुटुंब कोचावर बसलेलं होतं. दोन स्पीकर त्यांच्या पुढे, दोन मागे. म्हणजे आवाज चहूबाजूंनी येणार. सगळे नुसते हसतायत. मी बराच वेळ ते चित्र बघत राहिले आणि मग काय चुकतंय ते लक्षात आलं. त्यांच्या पाठीशी भिंतच नव्हती!

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सुमी, बी.ए. झालीस आणि आता चित्रालासुद्धा घाबरायला लागलीस."

घाबरट मी आहेच. पाल चुकचुकली तरी माझ्या हातातला कप बशीत नाचतो. पण या वेळी माझंच बरोबर होतं. आमच्या देवरूखात माजघराच्या मधोमध कोण बसतं? आला-गेला भिंतीला पाठ लावूनच बसतो. भिंत सोडून बसलेला माणूस म्हणजे एक तर दाढी करून घेणारा, नाही तर सत्यनारायणाला बसलेला.

आणि बाबा तर भिंत सोडायलाच तयार नव्हते.

इथे बाबांचं सांगायला हवं. ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे. काचबिंदूने त्यांची नजर गेली, त्याला वर्ष होत आलं. नजरेमागोमाग बोलणंही गेलं. आम्ही टीव्ही लावला की "बघा तुम्ही" म्हणायचे आणि चाचपडत पडवीत जाऊन बसायचे. दादाने कुठल्याशा बंदरावर एका दुकानात हे यंत्र ऐकलं, मुद्दाम डोळे मिटून ऐकलं, आणि त्याला वाटलं, डोळ्यांनी नाही तर कानांनी तरी बाबा परत आमच्यात येऊन बसतील. सगळा खटाटोप तेवढ्यासाठी. आणि तो दादाची सुट्टी संपायच्या आत पार पडायला हवा होता, कारण त्यानंतर ते धूड माझ्या गळ्यात पडणार होतं.

दादाने बाबांची आरामखुर्ची मधोमध ओढली. बाबांनी हात मागे नेला, भिंत लागली नाही, तसे ते खुर्चीसकट मागे सरकले. पुन्हा ओढली, पुन्हा सरकले. शेवटी म्हणाले, "विजय, पाठीला काहीतरी असू दे रे."

मागचे दोन स्पीकर मग त्यांच्या डोक्यावर, माळ्याखालच्या दोन कोपऱ्यांत लावायचे ठरले.

*

ठरले म्हणजे काय, ठरवणं सोपं असतं.

भिंत जांभ्या चिऱ्याची. दादा खिळा मारायचा आणि भिंतीतून लाल भुसा गळायचा. दोन दिवसांत भिंत देवी आल्यासारखी झाली, खिळा काही बसला नाही. इकडे मी माहितीपुस्तक वाचत होते, कारण इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली घरात मीच. त्यात लिहिलं होतं, स्पीकर कानाच्या उंचीवर असावेत. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

आई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कुणाच्या?"

आणि खरंच, बाबा खुर्चीत, आई पाटावर, शेजारच्या इंदूकाकू उंबऱ्यावर आणि दादा सदानकदा उभा. अर्धा तास घरात कानांवरून वाद! शेवटी दादाने ते दोन्ही स्पीकर सुंभाने माळ्याच्या वाशांना टांगले. आईने वर बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं, दोन शिंकी झाली."

मला वाटलं, ती गंमत करतेय. दुसऱ्या दिवशी उजव्या स्पीकरवर सांडग्यांचा डबा होता.

*

अँप्लिफायर तापतो. दादाने आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की त्याच्यावर काही ठेवायचं नाही, त्याला वारा लागला पाहिजे. पण दिवस पौषातले. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे सह्याद्रीचा वारा येतो आणि विरजण काही लागत नाही.

एका सकाळी मी यंत्र पुसायला गेले तर त्यावर झाकण घातलेलं भांडं. दादाला कळलं तर आकाशपाताळ एक करील म्हणून मी ते उचललं, तेवढ्यात दादाच मागून आला. मी दचकले आणि भांडं हातातून सुटता सुटता राहिलं. दादाने झाकण काढून बघितलं. दही असं लागलं होतं की सुरीने कापावं.

त्याची बोलायची तयारी झाली होती. आईने त्याच्या आधीच सांगितलं, "तुझ्या या पेटीचा घरात इतक्या दिवसांत हा पहिला उपयोग."

*

यंत्राबरोबर एक डेमो कॅसेट होती. त्यात विमान, वादळ, पाऊस, भुंकणारा कुत्रा आणि शेवटी एक बाई मागून येऊन दोनदा "हॅलो? हॅलो?" म्हणते. कॅसेट पहिल्यांदा लागली तेव्हा कुत्रा मागच्या बाजूने भुंकला. इंदूकाकूंचा मोत्या अंगणातून आत येऊन वर बघत जो भुंकायला लागला तो कॅसेट बंद केल्यावरही थांबेना. नंतर ती बाई बोलली आणि मी खुर्चीवरून खाली!

पण मागे वळून कुणीच बघितलं नाही. मी बघणार होते तर काकूंनी माझी वेणी धरली. "मागून हाक आली तर ओ द्यायची नाय गो. माणूस असलं तर तिसऱ्यांदा मारील."

दादाने त्यांना सर्किट समजावलं. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "मग ती दोनदाच का मारते?"

दादाने वायरी आवरायला घेतल्या. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात मागून हाक मारली की कुणी ओ देईना. आईला पाठीमागून "आई" म्हटलं तरी ती ढिम्म. समोर जाऊन उभं राहावं लागायचं.

*

मग एक मराठी सिनेमाची कॅसेट आणली. बाबा बसले, आई बसली, काकू बसल्या. आणि मागून काहीही येईना. घोडे पुढे, भांडणं पुढे, रडणंही पुढेच. दादाने सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या. मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, तेव्हा कळलं की कॅसेटमध्ये मुळात तसा आवाज भरलेला असेल तरच तो मागून येतो. आपल्या सिनेमात तो भरलेलाच नव्हता. म्हणजे बाबांसाठी घरात ऐकायला काय? एक विमान, एक कुत्रा आणि एक बाई!

दादा म्हणाला की बोटीवरून तो चांगल्या कॅसेटी पाठवील, पण यंत्र बरोबर लागलंय हे आत्ताच कळायला हवं. म्हणून त्याने बाजारातल्या शिवरामला बोलावलं. शिवराम रेडिओ दुरुस्त करतो आणि कमी बोलतो. त्याने आम्हाला बाहेर काढलं आणि आत बराच वेळ खुडबुड केली. मग दार उघडून म्हणाला, "फॉल्ट काढलाय."

आत जाऊन बघतो तर चारही स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, एकावर एक रचून ठेवलेले, आमच्याकडे तोंड करून.

दादाने स्वतःला आवरून विचारलं, "हे काय?"

"मघाशी ती विमानाची कॅसेट लावली, तर आवाज मागून येत होता," शिवराम म्हणाला. "सिनेमा समोर, आवाज मागून. कसं चालेल?"

*

दादाने ते पुन्हा मागे टांगले. पण आता मागचा डावा स्पीकर बोलेना. त्याची वायर माळ्यावरून येते. ती ओढून झाली, हलवून झाली. विमान नाही, कुत्रा नाही, बाई नाही. शिवराम परत यायला तयार नव्हता, कारण त्याच्या मते त्याने काम पुरं केलं होतं आणि आम्ही ते बिघडवलं होतं.

त्या संध्याकाळी दादाने वादळ लावलं आणि बाबांना विचारलं, कसं वाटतंय. बाबा मान किंचित तिरकी करून ऐकत होते.

"उजवीकडे पाऊस आहे," बाबा म्हणाले. "डावीकडे कोरडं आहे."

थोड्या वेळाने ते उठले. आमच्यातल्या कुणाचा हात न घेता ते चाचपडत पडवीत गेले. दादाने यंत्र बंद केलं. त्याचा चेहरा मला बघवेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ने तो मुंबईला निघणार होता आणि तिथून बोटीवर.

*

आता शेवटचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा म्हणाला की वायर माळ्यावर कुठेतरी तुटलीय, आणि माळ्याच्या फळ्यांना वजन सोसत नाही, तेव्हा तू चढ. मी म्हटलं, वर उंदीर असतील. तो म्हणाला, असतीलच, त्यांनीच खाल्लीय. मी शिडीने चढले. त्याने बाबांना विनवून खुर्चीत बसवलं, डेमो कॅसेट मोठ्या आवाजात लावली आणि मला सांगितलं, तुटलेली टोकं सापडली की पिळून ठेव, मी चिकटपट्टी घेऊन येतो. आणि सायकल काढून बाजारात गेला. मी वर आहे हे घरात दुसऱ्या कुणाला सांगायचं त्याला सुचलं नाही.

वायर सापडली. छान कुरतडलेली होती. मी दोन्ही टोकं हातात घेतली आणि नारळांच्या ढिगामागून काहीतरी माझ्या पायावरून पळालं. मी किंचाळले. टोकं सुटली ती दोन फळ्यांच्या फटीत. मी मागे सरकत शिडीशी आले, तर शिडी नाही.

फटीतून खाली सगळं दिसत होतं. आई आणि इंदूकाकू नुकत्याच आत येऊन बसल्या होत्या, आणि काकू आईला सांगत होत्या की गोठ्यावरचा कोहळा काढायला तुमची शिडी नेली हो, उद्या आणून देते.

उद्या!

मी "आई" म्हणून हाक मारली. खाली वादळ सुरू होतं. आईने मान जराशी वर केली आणि काकूंना म्हणाली, "आज ती बाई मराठी बोलायला लागली."

"वर बघू नका," काकू म्हणाल्या.

मी पुन्हा हाक मारली. दोघींनी हात जोडले. माझ्या पाठीमागे नारळ गडगडले. आता रडायचीच बाकी होते. आईला हाक मारून उपयोग नाही, दादा बाजारात, मोत्या तेवढा दारात येऊन माझ्याकडे बघत शेपटी हलवत होता. मी फळीवर पालथी पडले, फटीला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडले, "बाबा!"

बाबांनी मान डावीकडे वळवली. मग वर केली. इतकी नेमकी माझ्याकडे की मला वाटलं, त्यांना दिसतंय. पुढे सरकताना खुर्चीची पाठ भिंतीपासून सुटली होती.

"ओ," बाबा म्हणाले. आणि आईकडे वळून म्हणाले, "विजयला सांगा, मागचा डावा लागला. आणि आवाज काय स्वच्छ आहे! अगदी आपल्या सुमीसारखा."