घर दाखवण्याचा कार्यक्रम

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. ते सोफ्याखालच्या धुळीसारखे असतात, सोफा हलवला की सापडतात. आणि गेली दोन वर्षं आमच्या घरात सोफे हलवण्यापलीकडे काही घडतच नाही! पस्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. तिथे येणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर पडायचा आणि मग तो हरवायचा. या किस्स्यांना नंबर पडलेले नाहीत, म्हणून अजून शाबूत आहेत.

आमच्या सूनबाईंनी, म्हणजे अश्विनीने, मुंबईतली चांगली नोकरी सोडून कर्जतमध्ये ‘होम स्टेजिंग’ सुरू केलं. कोणाला घर विकायचं असेल, तर गिऱ्हाईक यायच्या आधी ते सजवून द्यायचं. घर त्यांचं, सोफा, पडदे, दिवे, कुंड्या आपल्या. घर विकलं गेलं की आपलं सामान टेंपोत घालून परत. हे मी सलूनमध्ये, वाचनालयात, दुधाच्या रांगेत समजावून सांगितलं. कोणालाही कळलं नाही. कळलं ते फक्त आमच्या टेंपोवाल्या बबनला. तो खालापूरकडचा, पन्नाशीचा माणूस.

“म्हंजी पोरगी दावायचा कार्यक्रम हाय! पोरगी लोकांची, दागिनं आपलं. आन लगीन जमलं का दागिनं उतरवून घ्यायचं!”

“अगदी बरोबर, बबन.”

“मंग यात आपून कोन, भाऊसाब?”

“करवल्या.”

बबन जरा वेळ विचारात पडला. “मला साडी बरी नाय दिसायची,” म्हणाला आणि सोफ्याला दोरी बांधायला लागला.

•

मी या धंद्यात शिरलो तो एका पाटीमुळे. अश्विनीने भिंतीवर लावायला मुंबईहून इंग्रजी पाट्या आणल्या होत्या. जगा, हसा, प्रेम करा, अशा अर्थाच्या. खालापूरजवळच्या एका बंगलीत तिने त्या लावल्या. मालक म्हातारे शेतकरी. त्यांनी मला एकेक पाटी वाचून दाखवायला लावली. मी अर्थ सांगितला.

“हसा आसं लिवून ठेवलंय?”

“हो.”

“घरात?”

“हो.”

“आन प्रेम करा, ते पन लिवलंय?” त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. “घरात लिवून ठेवायची पाळी आली, मंग त्या घरात ऱ्हातंय तरी कोन?”

अश्विनीने त्याच दिवशी पाट्या उतरवल्या. परत येताना टेंपोत त्या पाट्या तिच्या मांडीवर होत्या. मग एकदम म्हणाली, “बाबा, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. तुम्हीच लिहा ना! मराठीत, एकेक ओळ. त्या त्या जागेबद्दल.”

माझी पहिली ओळ अशी होती: ‘सदर खिडकीतून सकाळच्या वेळी पुरेसे ऊन येत असल्याचे निदर्शनास आले आहे.’

“बाबा,” अश्विनी म्हणाली, “ही खिडकी आहे. पंचनामा नाही.”

पस्तीस वर्षांची सवय सुटायला पस्तीस पुठ्ठे लागले. हळूहळू ‘सदर’ गेलं, ‘निदर्शनास’ गेलं. उरलं ते एवढंच: ‘सकाळचा चहा इथे.’ नेमके शब्द सापडले की किती थोडे लागतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. आधी कळलं असतं, तर सरकारचा बराच कागद वाचला असता!

•

एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी लिहिलं होतं: ‘ओट्याशी उभं राहिलं की दारात कोण आलं ते दिसतं.’

घर बघायला आलेल्या बाईंनी ते वाचलं. ओट्याशी उभ्या राहिल्या, मान वळवली. दारात त्यांच्या सासूबाई चप्पल काढत होत्या.

बाईंनी घर घेतलं. पण आधी ओटा फिरवून मागितला.

•

आता आमच्या संसाराची अवस्था सांगायला हवी. घरं सजवणाऱ्याचं स्वतःचं घर म्हणजे गोदाम. बैठकीत तीन सोफे, पलंगावर गुंडाळलेले गालिचे, मोरीच्या दाराशी दोन प्लास्टिकचे बांबू. एका संध्याकाळी मुलगा मंदार ऑफिसातून आला आणि एकाच खेपेत तीन टीपॉयना गुडघा आपटून घेतला. तिसऱ्यावर तो बोलला.

“हे किती दिवस चालणार?”

अश्विनीलाही राग आला. रागात माणूस तारीख देतो. “दसऱ्यापर्यंत!” ती म्हणाली. “ज्या घरापुढे तालुक्यातल्या सगळ्या एजंटांनी हात टेकलेत, ते मी दसऱ्यापर्यंत विकून दाखवते. नाही विकलं गेलं तर सामान काढून टाकते आणि परत मुंबईची नोकरी धरते. बस?”

“कुठलं घर?” मंदारने विचारलं.

“कुंदाकाकूंचं.”

मंदार हसला आणि गुडघ्याला बाम लावायला निघून गेला.

कुंदाकाकू भिसेगावात राहतात. वय चौऱ्याहत्तर. कौलारू, बैठं, नेटकं घर; पुढे पडवी, मागे परसात नारळ. घर जरा उंचावर, दारापर्यंत अकरा पायऱ्या, आणि काकूंच्या गुडघ्यांना आता त्यांतल्या चारच जमतात. मुलगी मोहोपाड्याला असते. तिच्या शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता, आणि काकूंना मनापासून तिकडे जायचं होतं. घरही चांगलं होतं. खोट एकच होती. ते दाखवताना काकू घरात असायच्या!

“पाणी कसं आहे हो?” गिऱ्हाईक विचारायचं.

“पाणी ना? मे महिन्यात रडवतं,” काकू सांगायच्या. आणि मग न विचारता, “मोरीचं पाणीही लवकर जात नाही. या तुम्ही, दाखवते.”

आठ महिन्यांत अकरा गिऱ्हाइकं त्या पायऱ्या चढली आणि जरा जास्तच वेगाने उतरली.

•

मधल्या काळात मोहोपाड्याचाच, पण दुसरा एक फ्लॅट सजवायला हाती आला. तिथल्या कपाटात अश्विनीला पुस्तकं हवी होती, ‘शोभेला’. शोभेची पुस्तकं हा प्रकार मला सोसणारा नाही. मी घरची, वाचलेली, चांगली पुस्तकं नेऊन लावली.

एका रविवारी एक गृहस्थ घर बघायला आले. केमिकल कारखान्यात नोकरीला, एकटेच. हॉल पाहिला, एक पुस्तक काढलं, खुर्चीत बसले. तासाभराने उठले. “पुन्हा येतो.” पुढच्या रविवारी आले, तडक कपाटाकडे. तिसऱ्या रविवारी अश्विनीने चहा दिला. चौथ्या रविवारी तिने मला कानात सांगितलं, “बाबा, हे नक्की घेणार. माणूस घरात रुळलाय बघा!”

पाच वाजता त्यांनी पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि उठले.

“मग, काय ठरलं?” अश्विनीने विचारलं.

“नाही जमत हो. शेवट पटला नाही.”

•

माझी आरामखुर्ची गेली तो किस्सा मी हसत सांगतो, पण प्रत्येक वेळी नाही.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेली ती शिसवी खुर्ची. माथेरानच्या एका हॉटेलचे मॅनेजर कर्जतला घर शोधत होते. त्यांना दाखवायच्या घराच्या गॅलरीत एक कोपरा ओका दिसत होता. “एकाच दिवसासाठी, बाबा,” अश्विनी म्हणाली. बबनने खुर्ची उचलली. मी मोठ्या हौसेने तिच्यासाठी ओळ लिहिली: ‘या खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही.’

मॅनेजर बसले, वाचलं, डोळे मिटले. दिवसभर लोकांची उठबस करणारा माणूस तो! दहा मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, “घर घेतलं. पण खुर्चीसकट.”

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं.

“भाऊसाब,” परतताना बबन म्हणाला, “वाईच कमी चांगलं लिवलं आसतं तर?”

•

दसरा जवळ येत होता आणि कुंदाकाकूंचं घर हलत नव्हतं. सामान लावून झालं होतं, माझ्या पाट्या टांगून झाल्या होत्या. पडवीत ‘पावसाचा आवाज इथे ऐकावा’, परसात ‘नारळाची सावली फुकट’, असं काय काय. घर बघितलं की मोह पडावा असं दिसत होतं. मग काकू बोलायच्या.

बाराव्या गिऱ्हाइकाच्या वेळी अश्विनीने त्यांना देवळात पाठवलं. देऊळ बंद होतं म्हणे! काकू शेजारणीला धरून दहा मिनिटांत परत, आणि बरोबर न लागणाऱ्या खिडकीच्या मुद्द्यावर. तेराव्या वेळी बबनने त्यांना टेंपोत शेजारी बसवून मुलीकडे मोहोपाड्याला न्यायचं ठरलं. अर्ध्या वाटेत काकू ओरडल्या, “बबन, गाडी फिरव रे! गॅस चालू राहिलाय!”

बबनने गाडी फिरवली. काकू चार पायऱ्या स्वतः आणि सात बबनच्या खांद्याला धरून चढल्या. गॅस बंदच होता. “बंद आहे होय,” काकू म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या. “बरं झालं भेटलात. मोरीचं सांगितलं का तुम्हाला यांनी?”

त्या दिवशी अश्विनी पडवीच्या पायरीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “काकू, खोटं बोला असं मी कधी म्हटलं का? पण विचारलं नाही ते कशाला सांगायचं? तुम्हाला जायचंय ना इथून? मलाही एवढं एकच घर विकून दाखवायचंय हो!”

काकू तिच्या शेजारी टेकल्या. “माझं लग्न असंच ठरलं, बाई. विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. यांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. मी लग्नानंतर सोळा दिवस डावीकडून बोलत होते. मला वाटलं, नवरा गर्विष्ठ आहे!”

अश्विनीला रडता रडता हसू फुटलं.

“सोळाव्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं. मग बेचाळीस वर्षं उजवीकडून बोलले, छान झालं सगळं. पण ते सोळा दिवस अजून लागतात गं. म्हणून म्हणते, दाखवायचं तर सगळं दाखवायचं.”

अश्विनीने डोळे पुसले. मग काकूच म्हणाल्या, “बरं. आता जे कोणी येतील, त्यांच्यासमोर मी तोंड उघडणार नाही. यांची शपथ.”

•

दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार. बदलापूरचं एक जोडपं येणार होतं. दोघेही शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. अश्विनी आणि मी त्यांना स्टेशनवरून घेऊन अकरा पायऱ्या चढलो. काकू पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. मास्तरांनी नमस्कार केला. काकूंनी मान डोलावली. शपथ पाळली जात होती! अश्विनीने माझा दंड दाबला.

आत गेलो आणि मला पहिली पाटी दिसली. ती माझी नव्हती.

माझ्या पाट्यांच्या जागी कॅलेंडरची फाडलेली पानं टाचलेली होती. मागच्या कोऱ्या बाजूला काकूंचं टपोरं, शाळकरी अक्षर. खिडकीवर: ‘पावसात लागत नाही. उन्हाळ्यात लागते, पण तेव्हा लावायची कोणाला?’

अश्विनीने भिंत धरली. मास्तरांनी मोठ्याने वाचलं. बाई त्यांच्यामागून येत होत्या.

मोरीपाशी: ‘पाणी हळू जातं. घाईच्या माणसाने आधी उठावं.’

पिंपाजवळ: ‘मे महिन्यात पाणी रडवतं. शेजारी विहीर आहे. मागितलं की देतात. मागावं लागतं.’

शेजारच्या बाजूच्या दारावर: ‘पलीकडची फार बोलते. मी आजारी होते तेव्हा तीन आठवडे डबा तिनेच दिला. बोलत बोलत.’

बाई पहिल्यांदा हसल्या त्या इथे. मग दोघं एकमेकांना हाका मारून पानं शोधायला लागली. “अहो, इकडे या, कौलांचं वाचा!” “अगं, हे मांजराचं बघ!” एवढा वेळ कुठल्याच गिऱ्हाइकाने त्या घरात काढला नव्हता. काकू बाहेर ओठ मिटून, समोर बघत.

शेवटी मास्तर पडवीत आले. कठड्याशी एक जुनी लाकडी खुर्ची होती, आमची नव्हे, त्या घरातलीच. तिच्या पाठीवर शेवटचं पान: ‘इथे हे बसायचे. उजवीकडून बोलावं.’

मास्तरांनी ते मनातल्या मनात वाचलं आणि खुर्चीत बसले. समोर शेतं पिवळी पडायला लागली होती. बाई त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही पान वाचलं.

“अहो, घेऊ या का?”

मास्तर समोर बघत राहिले. हलले नाहीत.

बाई क्षणभर थांबल्या. मग पदर सावरून खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि म्हणाल्या, “घेऊ या का आपण हे घर?”

“घेतलं,” मास्तर म्हणाले.

अश्विनी माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात भिंतीशी हालचाल झाली. काकूंनी दीड तासाने तोंड उघडलं. अश्विनीने डोळे मिटून घेतले.

“मागच्या नारळाचं पाणी फार गोड आहे,” काकू म्हणाल्या. “ते लिहायचं राहिलंच.”